ताईच्या आवाजासाठी घेतलेला डॉक

बाळांनो, तुम्ही दोघं मागच्या वेळी सुरतेला आलात तेव्हा थोरल्याने बाबाच्या जुन्या म्युझिक प्लेअरला एक इवलासा माइक लावून पांडेसऱ्याच्या आजीची गाणी भरून घेतली होती. तुम्ही परत गेलात आणि प्लेअर माझ्या टेबलाच्या खणात राहिला. त्या प्लेअरचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. त्यात मला शोभेल असं काही नाही.

पांडेसऱ्याची आजी म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, हे तुम्हाला माहीत आहे. आमचे वडील खानदेशातून इथे गिरणीत आले. आमच्या घरात सगळे अहिराणीच बोलायचे. मी इंग्रजी शाळेत गेले, माझ्या ‘माले-तुले’ला वर्गात मुली हसल्या आणि मी एका वर्षात जीभ घासूनपुसून लख्ख केली. ताई चौथीनंतर घरी राहिली. मी पुढे इंग्रजीची शिक्षिका झाले, तुमच्या आजोबांशी लग्न करून अडाजणला आले, आणि कोणी गाव विचारलं की ‘नाशिककडची’ असं सांगू लागले. त्यात फार खोटं नाही, असं मी स्वतःला समजावत असे.

गेल्या हिवाळ्यात ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती बोलते ते कुजबुजल्यासारखं, आणि गाणं तर नाहीच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या गल्लीत कानबाई बसते. नारळाला देवीचा मुखवटा आणि दागिने घालून तिची पूजा करतात आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन मिरवत पाण्याकडे नेतात. त्या वाटेवर गायची गाणी वेगळी असतात. तीस वर्षं ती गाणी ताईने सगळ्यांच्या पुढे चालत गायली. सुनांना दोन-तीनच येतात.

“पोरानं भरेल गाना शेतस ना तुनाकडे?” आषाढात तिने मला फोनवर विचारलं. “रस्तावर वाजाडता येतीन का?”

मी म्हटलं, येतील. मोबाइलवर गाणी लावणं तिला जमत नाही, त्यावर मधेच फोनही येतात. प्लेअरचं तसं नव्हतं. त्याच्यासाठी एक स्पीकर मिळतो, त्याला डॉक म्हणतात. त्याच्या खाचेत प्लेअर उभा करायचा, बटण दाबायचं, की गाणं मोठ्याने सुरू. बाबाकडे तसा एक होता, तुम्हाला आठवत असेल.

आता हे डॉक जुने झाले आहेत. दोन दुकानांत तर त्या प्लेअरकडे पाहूनच पोरं हसली. तिसऱ्या दुकानदाराने सांगितलं, माळ्यावर काही पेट्या आहेत, काढून ठेवतो, शनिवारी या. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी वहीचं पान आखलं. वजन किती, सेलवर चालतो का, कव्हरसकट प्लेअर खाचेत बसतो का, बटणं मोठी आहेत का, उघड्यावर आवाज पुरेल का. सेलच्या रकान्याखाली मी लाल रेघ मारली, कारण रस्त्यावर वीज कुठून येणार? आणि ताईला म्हटलं, तूही चल, आवाज तुझा आहे.

ती आली. हिरवं काठाचं लुगडं, पायात रबरी चप्पल, हातात कापडी पिशवी.

दुकानदाराने काउंटरवर तीन डॉक मांडले. पहिला लांबरुंद आणि काळा, चकचकीत. “बेन, आ जुओ, एकदम सरस,” म्हणत त्याने ताईचं गाणं लावलं. खालचा आवाज असा घुमला की काउंटरची काच थरथरली.

ताईने माझ्या कानाशी तोंड आणलं. “मी हंडामा बठीसन गाई राहिनू का काय?”

मला हसू आलं. दुकानदाराला मी सांगितलं, हा नको.

दुसरा पोपटी रंगाचा, घडीचा, पुस्तकासारखा मिटणारा. दिसायला अगदी खेळण्यातला. पण सेलवर चालायचा, वजनाला हलका, बटणं बोराएवढी. ताईने त्याच्या जाळीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून ऐकलं. “हाई मना आवाज शे,” ती म्हणाली. माझ्या पानावर त्याच्यापुढे पाचही खुणा झाल्या होत्या. निवड झालीच होती. पण काढले आहेत तर तिसराही ऐकून घेऊ, असं मीच म्हटलं. शिस्त म्हणून.

तिसरा पांढरा होता, त्याच्या तोंडावर घड्याळ, मंद निळा उजेड. सेलची सोय नाही, फक्त विजेवर चालणारा. आमच्या दिवाणखान्यात शोभला असता. दुकानदाराने त्यात प्लेअर उभा केला आणि आवाज मोठा केला. ताईचा जुना, खणखणीत आवाज दुकानभर झाला. दारातली माणसंही वळून पाहू लागली.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “अय्या, तुम्ही इथे?”

आमच्या गुरुवारच्या वाचन मंडळाच्या अध्यक्षबाई होत्या. मी त्या मंडळाची चिटणीस आहे. बाई कॉलेजात शिकवत, अतिशय सुसंस्कृत, मनाने चांगल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण त्यांचा यात काही दोष नाही.

“हे काय ऐकताय? अहिराणी ना? किती मोकळा गळा आहे! कोण गातंय?”

त्यांनी कौतुकानेच विचारलं होतं. ताई माझ्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर उभी होती. मला उत्तर शोधायला वेळ लागला नाही. ते तयारच होतं, जणू कित्येक वर्षं जिभेखाली ठेवलेलं.

“आमच्याकडे स्वयंपाकाला येतात ना, त्या,” मी म्हटलं. आणि ताईकडे हात करून, “या मावशी.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढंच. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“छान गाता हो, मावशी,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“गायचे,” ताई तिच्या त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाली. तेही शुद्ध मराठीत, बाहेरच्या माणसांशी बोलते तसं. “आता आवाज गेला. मॅडमनी भरून घेतलं म्हणून राहिलं.”

मला तिथून निघायचं होतं, एवढंच कळत होतं. आणखी एक प्रश्न आला असता तर? मी दुकानदाराला म्हटलं, “हाच द्या.” समोर वाजत होता तोच पांढरा.

ताई पुढे झुकली. “मॅडम, तो सेलवाला…”

“असू दे, मी बघते ना,” मी म्हटलं. स्वर जरा चढाच होता, नोकरमाणसाला गप्प करताना चढतो तसा.

बहीण म्हणून उभी असती तर तिथल्या तिथे मला वेड्यात काढलं असतं तिने, पांढरा डॉक परत ठेवायला लावला असता. पण मी तिला जी जागा दिली होती त्या जागेवरून तेवढंच बोलता येतं. खोकं तिनेच उचललं. मी हात पुढे केला, तर अध्यक्षबाई पाहत आहेत हे पाहून तिनेच मान हलवली. म्हणजे माझं खोटं तीच सांभाळत होती.

रिक्षात ती खोकं मांडीवर घेऊन बसली.

“ती बाई कोन व्हती?” तिने विचारलं.

“आमच्या मंडळातली.”

“चांगली वाटनी,” ती म्हणाली, आणि मग सुनेच्या दुखऱ्या दाढेबद्दल बोलू लागली. मी तेव्हाच रिक्षा वळवून डॉक बदलून आणायला हवा होता. पण त्यासाठी दुकानात घडलेल्या गोष्टीबद्दल बोलावं लागलं असतं. मी दाढेबद्दल बोलले. दंतवैद्याचा पत्तासुद्धा दिला.

रविवारी घरात वीज होती, डॉक वाजला. बायका टाळ्या वाजवत बसल्या, सगळे खूश. सोमवारी सकाळी मीही गेले. भाच्याने घरातून लांबलचक वायर काढून डॉक गल्लीच्या तोंडापर्यंत आणला होता. कानबाई निघाली, ताईचं पहिलं गाणं सुरू झालं, आणि वीस-पंचवीस पावलांवर वायर संपली. गाणं ओळीच्या मध्येच तुटलं.

“काय झालं? बिघडलं का?”

“लाइटवालं हाये ते, सेलवालं नाही,” भाचा म्हणाला.

“मावशी, कोणी निवडलं हो हे? शोकेसमधलं दिसतंय,” भाच्याची बायको मला म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हतं, ती सहजच हसली.

ताईने वायर गुंडाळली, डॉक पदराखाली घेतला आणि चालू लागली. सुनांनी येत होती ती दोन-तीन गाणी म्हटली. ती संपल्यावर कोणी तरी पहिलंच पुन्हा धरलं, त्यातही ओळी मागेपुढे झाल्या. मग पुढच्या गल्लीतल्या पोरांनी टेम्पोवर सिनेमातलं गाणं लावलं आणि बायकांनी म्हणणंच सोडलं. खाडीपर्यंत ताई तो मुका डॉक पोटाशी धरून चालली. ज्या दिवसासाठी तिने महिनाभर आधी फोन केला होता, तो दिवस असा गेला.

आणि मला ती सगळी गाणी येतात. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आईच्या मागून चालत लहानपणी आम्ही दोघी म्हणायचो. पोरी चुकत होत्या तेव्हा पुढची ओळ माझ्या मनात अचूक येत होती. ताईने एकदा मागे वळून पाहिलंही. मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकले.

त्या आठवड्यात मी पांढरा डॉक घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, बदली आपीश, बदलून देईन, पण कारण सांगा. बिघाड तर दिसत नाही.

मी सांगितलं, माझ्या बहिणीला सेलवर चालणारा हवा आहे. त्या दिवशी सोबत होती ती.

“ते दिवसवाळां मावशी? ए तो तमारे त्यां काम करे छे ने?”

“ना,” मी म्हटलं. “मारी सगी मोटी बेन छे.” घरून निघाल्यापासून मी ते वाक्य मनात घोळवत होते.

त्याने पोपटी डॉकच्या खोक्यावरची धूळ फुंकली. “सेल नाखी आपुं?” सेल घालून देऊ का, असं त्याने विचारलं. त्याला काहीच वाटलं नव्हतं. त्याला का वाटावं?

मी पांडेसऱ्याला गेले. ताई भाजी निवडत होती. तिने डॉक उघडला, प्लेअर बसवला, गाणं लावलं, आवाज एकदा मोठा करून पाहिला, एकदा बारीक. आता रोज दुपारी सुनांना समोर बसवून एकेक ओळ पाठ करून घ्यायची, असं तिने ठरवून टाकलं. मग मी तिला सांगितलं, की मी त्या दुकानदाराला सांगून आले, तू माझी बहीण आहेस म्हणून. मला वाटतं, तिने काही तरी बरं म्हणावं अशी माझी अपेक्षा होती.

ताईने मेथीची जुडी सोडली.

“त्याले कसाले सांगं?” ती म्हणाली. “त्या बाईले सांग.”

“तू येशील का माझ्याबरोबर? मंडळात?”

“मी कसाले येऊ? मास्तरीन तू शेस.” आणि तिने पाट माझ्याकडे सरकवला, म्हणजे बस आणि निवडू लाग.

ती माझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर मी माफी मागून मोकळी झाले असते. तिने एक काम सांगितलं आहे, आणि ते झालं का, हे ती दर फोनला विचारते, घरातल्या एखाद्या राहिलेल्या कामाबद्दल विचारावं तसं.

त्यानंतर चार गुरुवार झाले. पहिल्या गुरुवारी पाऊस होता, माणसं कमी होती. दुसऱ्या गुरुवारी मला इतिवृत्त वाचायचं होतं. तिसऱ्या गुरुवारी अध्यक्षबाईंची नात आली होती. काल, चौथ्या गुरुवारी, त्याच माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, तुमच्या त्या मावशींना एकदा आपल्याकडे बोलवू या का? बोलतील, गाण्यांबद्दल सांगतील. आपल्या बायकांनाही कळेल.”

यापेक्षा सोपी वेळ कोणी मला दिली नसती. खोलीत पंधरा जणी होत्या, चहा यायचा होता.

“त्यांना बरं नसतं हल्ली,” मी म्हटलं.

“अरेरे,” बाई म्हणाल्या. “काळजी घ्या हं त्यांची. अशी माणसं मिळत नाहीत आता.”

मी हो म्हटलं आणि हजेरीची वही पुढे ओढली. आज सकाळी ताईचा फोन आला होता. मी तो उचललेला नाही.