भरतीच्या वेळेला ठेवलेला वर्ग

या बंदराच्या गावात येऊन मला दहा दिवस झाले. शाळेच्या मागच्या खोलीत फ्रीज दुरुस्तीचा मोफत सरकारी कोर्स शिकवायचा आहे. अठरा मुलींनी माझ्याकडे येऊन नावं दिली होती. आज पहिला दिवस. अकराला वर्ग उघडला, जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढून टेबलावर ठेवला.

एक वाजेपर्यंत कुणीही आलं नाही. डबा त्याच टेबलावर एकटीने खाल्ला. खरं सांगते, राग आला होता. फुकट आहे म्हणून किंमत नाही, असंही मनात येऊन गेलं.

परत जाताना बंदरावर सगळ्या दिसल्या. होड्या लागल्या होत्या आणि माझा अख्खा वर्ग गुडघाभर पाण्यात मासळीच्या टोपल्या उतरवत होता. सगळ्यात आधी फॉर्म भरलेली हर्षला ओशाळून म्हणाली, "मॅडम, होड्या भरतीलाच आत येतात. आज अकरापास्नं लागल्यात. तेव्हा घरात कुणी बसत न्हाय."

"मग उद्या?"

"उद्या भरती पाऊण तास उशिरा हाय. दहाला या, होड्या लागायच्या आत आम्ही येतो."

म्हणजे वर्गाची वेळ रोज सरकवायला हवी. ऑफिसला फोन केला. हजेरीच्या मशीनमध्ये वर्गाची वेळ एकदाच भरता येते म्हणाले, आणि आठवडाभर हजेरी लागली नाही तर कोर्स बंद.

तुमच्यापैकी कुणी समुद्राच्या वेळेने वर्ग चालवलाय का? मी तर उद्या दहालाच कुलूप उघडणार आहे. आज हजेरीच्या मशीनवर एकच अंगठा लागलाय, माझा.