देव कुणाकडे ठेवायचे

आमच्या घरात सुट्टीला निघायची तयारी फ्रीजपासून सुरू होते. आठ दिवस आधी नवी भाजी बंद, मग उरलंसुरलं संपवायचं. त्या जूनमध्ये सलग तीन दिवस आम्ही जे खाल्लं त्याला नाव नव्हतं, आणि नऊ वर्षांच्या लेकीने तर त्याला जेवण म्हणायलाही नकार दिला होता. बाहेर परदेशातल्या आमच्या नेपरव्हिल गावात झाडांवरून पांढऱ्या म्हाताऱ्या उडत होत्या, सावरीच्या असतात तशाच, आणि खिडकीच्या जाळीला येऊन अडकत होत्या. साडेआठ वाजले तरी उजेड मावळत नव्हता. पडदे ओढलेले, गालिचे गुंडाळलेले. घर आमच्या आधीच झोपी गेलंय आणि मी त्याच्या स्वप्नात कपाटं पुसत फिरतेय, असं मला वाटत राहायचं.

जायचं होतं नागपूरला, माझ्या बाबांकडे, सात वर्षांनी. इतकी वर्षं का, तर व्हिसा. इथे राहायचे, नोकरीचे कागद होते, पण पासपोर्टातला शिक्का कधीचाच संपलेला. एकदा देशाबाहेर पडलं की मुंबईत मुलाखत देऊन नवा शिक्का मिळवायचा, तरच परत आत. मिळाला तर सहा आठवड्यांची सुट्टी. नाही मिळाला तर घर, लेकीची शाळा, नवऱ्याची नोकरी सगळं इथे आणि आम्ही तिथे. दर उन्हाळ्यात आम्ही 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचो. यंदा बाबांना चालताना काठी लागायला लागल्याचं कळलं आणि मी कुणाला न विचारता तिकिटं काढून टाकली.

नवरा पुण्याचा, शिस्तीचा माणूस. पुसायला म्हणून मिक्सर उचलला तर खाली त्याच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: 'न आल्यास काकूंना.' शिवणयंत्राखाली: 'न आल्यास देऊन टाकणे.' लेकीच्या सायकलच्या सीटखाली: 'न आल्यास विकू नये.' मी तडकलेच. जिवंतपणी घराचं तेरावं कशाला घालतोयस, म्हणून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, उद्या दुसऱ्या कुणावर आपलं घर आवरायची वेळ आली तर त्यांची पंचाईत नको. आता यावर माणसाने भांडावं तरी कसं? मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही, आणि चिठ्ठ्या मात्र सगळ्या जिथल्या तिथे राहू दिल्या.

देव्हाऱ्यावर त्याने चिठ्ठी लावली नव्हती. तो कारभार माझा. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघताना देव डब्यात तांदळावर ठेवतात, म्हणजे मागे ते उपाशी राहत नाहीत. मी गणपती, बाळकृष्ण आणि आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा तांदळात बसवली. डबा, घराची किल्ली आणि तुळशीची कुंडी घेऊन दोन रस्ते पलीकडच्या काकूंकडे गेले. काकूंना इकडे येऊन चाळीस वर्षं झाली. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत, पण बाळंतपणात मला डिंकाचे लाडू त्यांनीच खाऊ घातले होते.

काकूंनी किल्ली घेतली, तुळस घेतली. डब्यात काय आहे विचारलं आणि डबा उचलून परत माझ्या हातात दिला.

"देव नाही हं ठेवून घेणार मी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सोवळ्याओवळ्याचं काही असेल. तसं नव्हतं. चहा टाकता टाकता त्यांनी सांगितलं, की इकडे यायला निघाल्या तेव्हा त्यांनी आपले देव धाकट्या जावेकडे सोपवले होते. दोन वर्षांत येतो आणि घेऊन जातो, म्हणून. जाऊ मोठी नेमाची. रोज पूजा करायची आणि पत्रात न चुकता कळवायची. देवांची इतकी छान सोय लागली, की काकूंना परतायची घाईच राहिली नाही. पुढे जाऊ वारली. आता तिची सून पूजा करते. समोर ठेवले तरी त्यातले आपले कुठले ते ओळखता यायचं नाही, असं म्हणून काकू हसल्या. मला हसू आलं नाही. सात वर्षांपूर्वी, मागच्या भेटीनंतर नागपूरहून निघताना मीही बाबांना दोन वर्षांत येते म्हणूनच सांगितलं होतं.

डबा कडेवर घेऊन मी परत आले. हवेतल्या म्हाताऱ्या केसांत, डब्याच्या झाकणावर बसत होत्या. घरात शिरते तोच बाबांचा फोन आला. तिकडे पहाट झाली होती. कूलरला नवीन गवत बसवून घेतलंय, नातीसाठी खिडकीजवळ पलंग सरकवलाय, संत्री आत्ता नाहीत पण बर्फी आणून ठेवतो, असं बरंच काही सांगत राहिले. मग परतीचं तिकीट कधीचं आहे ते विचारलं. मी सांगितलं.

"या वेळी मी तुला पोचवायला एअरपोर्टवर येणार नाही, बेटा," ते म्हणाले. "आत्ताच सांगून ठेवतो."

अजून मी आले कुठे आहे, बाबा, असं ओठांवर आलं होतं. सात वर्षं मी त्या शिक्क्याच्या धास्तीत काढली होती, आणि त्या क्षणी मला वाटलं, नाहीच मिळाला तर किती बरं होईल. लेकीची शाळा, नवऱ्याची धडपड, सगळं समोर दिसत असताना वाटलं. लाज नंतर वाटली. आधी अगदी हलकं वाटलं.

मी डबा उचलला आणि माझ्या हँडबॅगेत कपड्यांच्या घडीत बसवला. नवरा दारात उभा राहून बघत होता. देव बरोबर घेतले म्हणजे हिचा धीर सुटला, असं त्याला वाटलं असणार. जवळ येऊन त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मिळेल गं शिक्का. इतकी घाबरू नकोस."

मी मान हलवली. कशाला घाबरले होते, ते मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही.