दोनातली एक रॅम

कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून आम्ही दोघं तलासरीहून डहाणूला गेलो. बायकोला पुन्हा टायपिंग सुरू करायचं होतं. काही वर्षांपूर्वी ती घरीच लग्नपत्रिका करायची. मग फाइल उघडायलाच वेळ लागायला लागला, पत्रिका वेळेवर होईनात, लोक दुसरीकडे जाऊ लागले. "तुझा हातच संथ आहे," असं मी तेव्हा म्हणालो होतो. एकदा नाही, बरेचदा. तिनं ते मानलं आणि काम सोडलं.

आता आहे त्याच मशीनला रॅम वाढवून मिळते का बघू, असं तिचंच म्हणणं. उन्हात दोन दुकानं पालथी घातली.

"एवढी जुनी रॅम? काका, ही तर भंगारात पण मिळत नाय आता."

तिसऱ्यानं निदान झाकण उघडलं, धूळ फुंकली.

"ताई, रॅमच्या दोन पट्ट्या होत्या ना यात? एक कोणी काढली? या खाचेचं लॉक उघडंच आहे बघा."

"पहिल्यापासून तसंच असेल," बायको म्हणाली. "माझ्याशिवाय कोण हात लावतंय? आमचे हे तर माउससुद्धा विंचवासारखा धरतात."

दुकानदार हसला. मीही हसलो. त्या हसण्याची आज जास्त लाज वाटते.

पट्टी मीच काढली होती. ऑफिसातलं मशीन अडकायचं, अहवाल संपत नव्हता, साहेब रोज बोलायचे. चार दिवसांत परत लावू म्हणून खिशात घालून नेली. पुढं ते मशीनच मोडीत गेलं, पट्टीसकट. सांगायचं राहून गेलं असं म्हणत आलो. खरं म्हणजे मी सांगितलं नाही.

दुकानदारानं एका मोडक्या मशीनमधली पट्टी काढून बसवली. तिची जुनी पत्रिका झटकन उघडली. तिनं उभ्या उभ्याच एक ओळ टाइप केली. बोटं भराभर चालली.

स्टँडवर ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती चादरीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिली.

"म्हणजे माझा हात चांगला होता?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

तलासरीची गाडी लागली. मी गाठोडं उचलायला वाकलो.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि ते छातीशी धरून एकटीच गाडीत चढली.