तिरपा व्यास

"काकू, व्यास तिरपा कशाला काढलात?" सरांनी चाचणीचे पेपर माझ्यापुढे आपटले. "अख्खी बॅच झोपली!"

सर म्हणजे नाशिक रोडच्या आमच्या क्लासचे मालक. नव्वदच्या दशकात मी तिथे दहावीची भूमिती शिकवायचे. कॉलेजची पायरी काही मी चढले नव्हते हो, पुस्तकं पुढ्यात घेऊन एकटीच शिकले.

प्रश्न साधा होता. व्यासाची दोन्ही टोकं वर्तुळावरच्या कुठल्याही बिंदूला जोडा, तिथे काटकोन होतो. हे सिद्ध करा. पुस्तकात व्यास आडवा, अक्षरं A, B, C. मी तो तिरपा काढून P, Q, R घातलं. पोरांनी पाठ केलेलं ABC उतरवून ठेवलं. आकृतीत A नव्हताच!

जमलं एकट्या कल्पनाला. ती सिन्नरहून एसटीने यायची. या चाचणीतून मेरिट बॅचला लागलीस तर क्लास, नाहीतर घरी बस, असं वडिलांनी बजावलेलं. तिनं केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत एक रेघ ओढली. त्रिज्या सगळ्या सारख्या, म्हणून दोन समद्विभुज त्रिकोण झाले. समान बाजूंसमोरचे कोन समान. म्हणजे मोठ्या त्रिकोणात त्या बिंदूपाशी होणारा कोन बाकीच्या दोन कोनांच्या बेरजेइतका. तिन्ही मिळून एकशे ऐंशी, तर तो नव्वद. झालं की!

"पुस्तकात अशी सिद्धता नाही," सर म्हणाले.

"मग चूक कुठे आहे, ते दाखवा ना."

"ते नंतर. खाली पालक उभेत. त्यांना काय तुमचा तिरपा व्यास दाखवू?"

चाचणी रद्द. पुन्हा घेतली, व्यास आडवा, अक्षरं ABC. तपासायला दुसऱ्या मॅडम, हातात नमुना उत्तर. पोरांना पैकीच्या पैकी. कल्पनानं पुन्हा आपली तीच रेघ ओढली होती. 'पुस्तकाप्रमाणे नाही' असा शेरा आणि अर्धे मार्क. मेरिट बॅच गेली.

वडील आले. "बाई, सर म्हणतात पोरीला भूमिती झेपत नाय."

"दादा, साऱ्या बॅचमध्ये तिलाच झेपते!"

"मग मार्क का नाय दिले?"

मी सरांच्या केबिनकडे पाहिलं. दार लावलेलं.

"चल गं," ते म्हणाले. कल्पनानं कंपासपेटी पिशवीत टाकली. परत आली नाही.

वर्तुळ कसंही फिरवा, तो कोन काटकोनच राहतो. हे मी आजही सिद्ध करून देईन. मार्क कुणाला मिळणार, ते मात्र पेपर कुणाच्या हातात पडतो त्यावर.