चोरटा श्वास

गेलो होतो गुडघ्यासाठी. वर्षानुवर्षं कबड्डी खेळून डाव्या गुडघ्याचा पार चोथा झालाय, हे मला ठाऊक होतं. एखादं इंजेक्शन घ्यावं आणि यंदाच्या जत्रेचे सामने काढावेत, एवढाच बेत होता. डॉक्टरांनी मात्र गुडघ्याचा एक्स-रे बाजूला ठेवला आणि रक्तदाब मोजला, मग पुन्हा मोजला. जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते का, विचारलं. मी नाही म्हणालो. तरी त्यांनी चिठ्ठी लिहिली. सरकत्या पट्ट्यावर चालून करतात ती हृदयाची तपासणी करून घ्या, तोवर खेळायचं नाही, असं सांगितलं.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, गुडघा शेकायला सांगितलाय.

ती रोज संध्याकाळी तवा तापवून, फडक्याची घडी करून माझा गुडघा शेकायला लागली. मी पाय लांब करून बसायचो. छाती आवळते हे तिला सांगायला तोंड उघडायचो आणि चहा मागायचो.

कबड्डीनंच मला नोकरी दिली. चाकणच्या कंपनीत खेळाडू म्हणून लागलो, लाइनवर उभा राहून काम केलं. गुडघा गेल्यावर स्टोअरमध्ये खुर्ची मिळाली. आता कंपनीच्या बसमधून उतरताना मागचे लोक खोळंबतात, कारण मी दांडा धरून आधी उजवा पाय खाली ठेवतो. नवीन पोरं 'काका, सावकाश' म्हणतात. ती चांगुलपणानं म्हणतात, तरी मला ते दिवसभर लागून राहतं.

म्हणून जत्रेचा सामना मला हवा होता. चाकणजवळच्या एका गावात जत्रेला आमच्यासारख्या जुन्या गड्यांचे सामने होतात. आमचा कप्तान त्याच गावचा. बाकी सगळ्यांची पोटं सुटलेली, चढाईला जाणारा मी एकटाच उरलेला. त्याला फोनवर गुडघ्याचं रडगाणं सांगितलं, तर तो हसला.

"गुडघं समद्यांचंच गेल्यात, राव. तुझा दम हाय ना? मग बास."

दम आहे की नाही, हे तपासायची माझी स्वतःची रीत होती. निगडीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट कायम बंद, आम्ही राहतो वर तिसऱ्या मजल्यावर. खालच्या पायरीवर श्वास भरून घ्यायचा आणि ओठातल्या ओठात 'कबड्डी कबड्डी' म्हणत चढायचं. दार येईपर्यंत दम टिकला की माझं हृदय ठणठणीत. डॉक्टरांच्या यंत्रापेक्षा माझा या जिन्यावर जास्त भरवसा होता. छातीत आवळायचं, पण दम दारापर्यंत पुरायचा. मग मी स्वतःला सांगायचो, पित्त असेल.

सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं भाजी घेऊन आलो. मी पुढे, ती मागे. माझी पुटपुट सुरू होती. दुसऱ्या मजल्याच्या वर गेल्यावर ती म्हणाली, "थांबा. तुम्ही मधे श्वास घेतलात."

मी हसून उडवून लावलं. तिनं पिशवी पायरीवर ठेवली. लग्न झाल्यापासून तिनं माझे सामने पाहिलेत, घरी कौतुकही ऐकलंय. जुन्या चढाईपटूंना एक चोरटा श्वास येतो. शब्द तुटू न देता, मान वळवता वळवता इवलासा श्वास आत ओढायचा. मैदानावरच्या गोंगाटात पंचाला तो ऐकू येत नाही. तो मला किती छान जमतो, हे मीच तिला फुशारकीनं सांगितलं होतं.

"आता परत म्हणा," ती म्हणाली आणि तिनं माझ्या पाठीवर तळवा टेकवला.

मी श्वास भरला आणि चढू लागलो. तिच्या तळव्याखाली चोरी करता येईना. वळणापर्यंतही पोचलो नाही. छातीत कुणीतरी दोर करकचून ओढावा तसं झालं आणि मी मटकन पायरीवर बसलो. किती दिवस मी हा श्वास चोरत होतो, मला खरंच माहीत नव्हतं. मी स्वतःलाही फसवत होतो आणि ते इतक्या सफाईनं, की मला कळलंही नव्हतं.

तिथंच बसून मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"आणि मला गुडघा शेकत बसवलंत," एवढंच म्हणाली.

कप्तानाला फोन मीच केला.  तो म्हणाला, "बरं. बघतो काय ते." जत्रेत आम्ही पहिल्याच फेरीत हरल्याचं नंतर कळलं. कप्तानानं मात्र मला एका शब्दानंही दोष दिला नाही, त्याचा मला अधिक त्रास झाला.

सोमवारी तपासणीला गेलो. छातीवर वायरी चिकटवल्या, पट्टा सरकू लागला. यंत्रापाशी उभ्या मुलीनं बजावलं, "काका, त्रास झाला की लगेच सांगा हं." पट्टा चढाला लागला. गुडघा ठणकत होता, पण त्याची भीती नव्हती. थोड्या वेळानं तो दोर आवळायला लागला. मुलीनं विचारलं, ठीक आहे ना? मी मान हलवली आणि त्याच झटक्यात माझा चोरटा श्वास आपोआप आत गेला. चेहऱ्यावर काही दिसू न देणं मला इतकं अंगवळणी पडलं होतं.

दाराच्या काचेतून बायको दिसत होती. ती यंत्राकडे बघत नव्हती, माझ्या छातीकडे बघत होती.

कबड्डीत स्पर्श झाला की प्रामाणिक गडी पंचाची वाट न बघता स्वतःच हात वर करतो आणि मैदानाबाहेर जातो. मी तसा हात कधी वर केला नव्हता. पंचानं बघितलं तर बघितलं, नाहीतर खेळत राहायचं, असाच खेळलो.

मी दांड्यावरचा उजवा हात सोडला आणि वर केला.

"दुखतंय," म्हणालो. "बरेच दिवस दुखतंय."

मुलीनं बटण दाबलं, पट्टा मंदावू लागला, आणि बायको दार ढकलून आत आली.