झोपवण्यावर बंदी

मी चौतीस वर्षांचा, नव्या रायपुरातल्या सरकारी कचेरीत बसणारा माणूस, आणि मला एका कॉलेजातल्या पोरीची भीती वाटायची. उगाच आढेवेढे घेत नाही. रविवारी सकाळी समता कॉलोनीतून स्कूटर काढली की पंडरीचा कापडबाजार येईपर्यंत दोनदा तरी परत फिरावंसं वाटायचं.

पंडरीत आमच्यातल्या एकाच्या घरचं कापडाचं दुकान होतं. रविवारी ते बंद, म्हणून वरच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही सहा जण मोबाइलवर राक्षसांच्या लढाया खेळायचो. प्रत्येकाने आपले सहा राक्षस समोरच्याला दाखवायचे, मग त्यातले चार गुपचूप निवडून उतरवायचे. दोन वर्षं तिथे मी पहिला होतो. कचेरीत माझं टेबल तीनदा हलवलं, एकदाही कोणी मला विचारलं नाही. या खोलीत मात्र मी शिरलो की लोक सरकून जागा द्यायचे. ती जागा जाईल, एवढंच माझं भय. हसू येत असेल तर हसा.

मग पुरानी बस्तीतून ही पोरगी आली, सातवी. घरचे आमच्यासारखेच, रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून आलेले. मराठी तिला सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. ती समोरच्या राक्षसाला झोपवायची. तो एका चालीनंतर उठेल, दोन की तीन, हे नशिबावर. तोवर आपण बटण दाबत बसायचं, आपला राक्षस घोरत राहणार आणि तिचे त्याला बदडत राहणार. लागोपाठ तीन रविवार तिने मला असं हरवलं.

चौथ्या रविवारी मी उभा राहिलो आणि झोपवण्यावर बंदी मागितली. ज्या चालीपुढे समोरच्याच्या हातात काही उरत नाही, ती चाल म्हणजे खेळच नव्हे, वगैरे वगैरे. न्यायाची भाषा मला छान जमते. कचेरीत टिपणं लिहून लिहून हात बसलाय.

दुकानवाला म्हणाला, "काहून बंद करायचं? तू हरून राहिला म्हणून?"

"मले हरायचं काही नाही," मी चिडलो. "मी नियमाचं बोलून राहिलो."

धडधडीत खोटं बोललो.

आमच्याकडे एक रीत होती. ज्याला बंदी पाहिजे, त्याने तीच चाल वापरून पाच सामने खेळायचे. पाचही जिंकला तर चाल खरोखर भारी, मग हात वर करून मतदान. एक जरी हरला तरी विषय संपला. ही रीत मीच सुरू केली होती, पहिला असताना, नाकाने कांदे सोलत.

चार जिंकलो. पाचवा तिच्याशी होता. तिने सहा राक्षस दाखवले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी एक वटवाघूळ होतं, आणि त्याला झोप लागतच नाही. ते उतरलं असतं तर माझा खेळ खलास. तिचा पहिला राक्षस आला, दुसरा आला, मी झोपवत गेलो आणि दर वेळी वाटायचं, आता वटवाघूळ. अंगठा इतका थरथरायला लागला की मी फोन मांडीवर टेकवला. घामाने पडदा ओला झाला. तिचा चौथा, शेवटचा राक्षस आला, ते कासव निघालं.

मी जिंकलो. बंदीच्या बाजूने पाच हात वर झाले, त्यात तिचाही होता.

जिन्यात तिला गाठलं. "वटवाघूळ काहून नाही उतरवलं?"

"आपका हाथ कितना काँप रहा था, भैया," ती चपला घालत म्हणाली. "मुझे लगा, आपको कुछ हो जाएगा. मैच ही तो है."

तसंच वर जाऊन सगळ्यांना सांगायला हवं होतं. मी स्कूटरची किल्ली शोधत राहिलो.

पुढच्या रविवारी ती नवे सहा राक्षस घेऊन आली, त्यात झोपवणारा एकही नव्हता. माझ्या समोरच्या गठ्ठ्यावर बसली. "शुरू करें, भैया?"

दहा मिनिटांत हरलो.

"आता काय बंद करायचं, सांग," दुकानवाला म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, पण डोक्यात यादी सुरू झाली होती. वयाची अट घालता येईल. नवीन माणसाला सहा महिने नुसतं बघायला बसवता येईल. कुठलाही नियम घेतला तरी खेळाबाहेर जाणारी ती एकटीच होती, आणि प्रत्येकासाठी माझ्याकडे चांगली, न्यायाच्या भाषेतली कारणं तयार होती. तेव्हा मला माझीच भीती वाटली. बोलायला उघडलेलं तोंड मी मिटलं. ती माझ्या हातांकडे बघत होती.