कण्हेरीचा पाइप

नारायण पेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे श्रीधर लेले सुट्टीच्या वेळी लाकडाचे पाइप कोरत. हात बारीक कामाला सरावलेला. पाइप विकत नसत. आवडत्या माणसाला देत.

१९६६च्या मार्चमधला रविवार. सकाळी मंडईत त्यांना गेनबा माळी भेटला. गेनबा ज्या बंगल्यावर बागकाम करी, तिथल्या छाटलेल्या लाकडांतून त्यांनी मागे एक तुकडा उचलून आणला होता.

"तसलं लाकूड आणखी मिळेल का हो? पटाशीखाली लोण्यासारखं होतं."

"त्ये कन्हेरीचं? मिळंल की. पर चुलीत घालू नगा. इख हाय त्यात, धूर बी वंगाळ."

श्रीधरपंतांनी पिशवी गेनबाच्या हातात कोंबली. त्याच लाकडाचा पाइप, नळीसकट, काल संध्याकाळी त्यांनी हिंदुरावांना दिला होता. हिंदुराव म्हणजे निवृत्त हवालदार, खडकवासला धरणावरचे पहारेकरी, पंतांचे जुने स्नेही. पाइप पेटवलेला नसला तरी नळी चघळत बसायची त्यांची सवय.

पंतांनी तशीच सायकल हाणली. धायरी फाट्याशी चेन पडली. ती बसवताना ते स्वतःशीच म्हणत होते, झाडाचं नाव विचारायला काय झालं होतं आपल्याला?

धरणाजवळच्या घराच्या दारातच हिंदुरावांच्या बायको मुक्ताबाई उभ्या होत्या. "बरं झालं आला, भावजी. सकाळपासनं वकाऱ्या चालल्यात ह्यांच्या."

आत हिंदुराव घामाने निथळत पडले होते. नाडी अडखळत होती. उशाशी पाइप, त्यात अर्धवट जळलेला तंबाखू. पंतांनी तो खिशात टाकला आणि धरणावरची जीप मिळवली.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "शिळंपाकं काही खाल्लं होतं?"

"कालची आमटी व्हती," मुक्ताबाई म्हणाल्या.

डॉक्टर लिहू लागले. पंत गप्प राहिले असते तर कुणाला कळणार नव्हतं.

"आमटीने नाही, डॉक्टर." त्यांनी पाइप टेबलावर ठेवला. "हा कण्हेरीचा आहे. मीच कोरलाय. आज सकाळी कळलं."

डॉक्टर धावत आत गेले. पंत आणि मुक्ताबाई एकाच बाकावर, मध्ये हातभर अंतर ठेवून, दुपारभर बसले. दिवेलागणीला नाडी सावरल्याचं कळलं, तेव्हा मुक्ताबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्या दारात पुन्ना येऊ नका."

पंत गेले नाहीत. पटाशा, कानशी फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या.

दिवाळीनंतर हिंदुराव स्वतःच नारायण पेठेत आले. पिशवीतून लाकडाचा ठोकळा काढला. "बाभळीचा आहे. झाड मी पाडलं, मी ओळखतो."

"वहिनींना ठाऊक आहे?"

"तिनंच धाडलंय. एक अट आहे म्हणाली, पहिला झुरका तुम्ही घ्यायचा."

पंतांनी ठोकळा बराच वेळ हातात फिरवला. मग शिडी लावून ते माळ्यावर चढले.